लोड टेस्टिंगमध्ये पाऊल ठेवणाऱ्यांसाठी

लोड टेस्टिंग म्हणजे एकाच वेळी अनेक जण वापरत असल्यासारखा भार सॉफ्टवेअरवर देऊन ते कसे टिकते हे तपासणे. या क्षेत्रात येऊ इच्छिणारे नवोदित मला बहुधा साधनाविषयीच विचारतात: जेमीटर शिकावे, लोडरनर शिकावे की के-सिक्स? जेमीटरपासून सुरुवात करावी, असे मी सांगतो, कारण ते विनामूल्य आहे. मात्र त्याची खिडकी (ग्राफिकल इंटरफेस) स्क्रिप्ट, म्हणजे युजरच्या कृतींची नक्कल करणाऱ्या सूचना, तयार करण्यापुरतीच वापरावी आणि प्रत्यक्ष भार कमांड लाइनवरून द्यावा, अन्यथा सर्व्हरच्या आधी आपलाच संगणक धापा टाकू लागतो.

खरे काम भार किती द्यायचा हे ठरवण्याचे आहे. ‘पाचशे युजर चालले पाहिजेत’ एवढ्या मागणीवरून सर्व्हरकडे सेकंदाला किती रिक्वेस्ट (पान किंवा माहिती मागणाऱ्या विनंत्या) येणार, हे कळत नाही. पान 2 सेकंदांत उघडत असेल आणि ते वाचून पुढचे बटण दाबायला माणूस 8 सेकंद घेत असेल, तर 500 जणांकडून सेकंदाला 50 रिक्वेस्ट येतात. स्क्रिप्टमधून हा 8 सेकंदांचा थिंक टाइम वगळला आणि पान तेवढ्याच वेळात उघडत राहिले, तर त्याच 500 जणांच्या 250 रिक्वेस्ट होतात. भार कसा चढतो हेही पाहावे लागते. तत्काळचे आरक्षण वातानुकूलित वर्गांसाठी सकाळी 10 वाजता आणि इतर वर्गांसाठी 11 वाजता उघडते. तशा गर्दीची चाचणी अर्धा तास हळूहळू भार वाढवून होत नाही.

अहवालात सरासरीवर विसंबू नये. 100 पैकी 90 रिक्वेस्ट 0.2 सेकंदांत आणि 10 रिक्वेस्ट 8 सेकंदांत पूर्ण झाल्या, तर सरासरी 0.98 सेकंद येते आणि सगळे आलबेल वाटते. 95वे पर्सेंटाइल, म्हणजे 95 टक्के रिक्वेस्ट ज्या वेळेच्या आत पूर्ण झाल्या ती वेळ, मात्र 8 सेकंद दाखवते.

सर्वांत रंजक भाग निदानाचा, आणि मुलाखतीत माणसाची पारख इथेच होते. प्रतिसाद लांबत चालला आहे, पण सीपीयू निवांत आहे, असे दिसले की काम कुठेतरी ताटकळत आहे असे समजावे. स्प्रिंग बूट या जावा फ्रेमवर्कच्या नेहमीच्या मांडणीत त्यातला वेब सर्व्हर टॉमकॅट 200 थ्रेडपर्यंत (एकाच वेळी रिक्वेस्ट हाताळणारे धागे) जातो, तर हिकारी पूलमध्ये, म्हणजे डेटाबेसच्या तयार कनेक्शनच्या साठ्यात, मुळात 10च कनेक्शन असतात. प्रत्येक रिक्वेस्टला डेटाबेस लागत असेल, तर उरलेले थ्रेड रांगेत उभे राहतात. अशा वेळी पूल एकदम 200 करण्याचा मोह होतो, पण त्याने बहुधा रांग डेटाबेसच्या दारात सरकते, म्हणून एका वेळी एकच सेटिंग बदलून तीच चाचणी पुन्हा चालवावी.