टाचण लिहायला बसताय? मग आधी हे जवळ घ्या

सोमवारचं टाचण, म्हणजे शिक्षकाने तासाआधी लिहायची पाठाची आखणी, रविवारी रात्री लिहायचं हे काही बदलणार नाही, मीपण तेच करतो, पण उद्दिष्टांचा रकाना भरायच्या आधी पाठ्यपुस्तक, मागच्या आठवड्यातल्या मुलांच्या चार-पाच वह्या आणि शिसपेन एवढं जवळ घेऊन बसा. पेन नको, खोडाखोड होणारच आहे.

वह्या मुद्दाम म्हणतोय. एकदा पाचवीला भिन्नच्छेद, म्हणजे खालचे आकडे वेगळे असलेल्या, अपूर्णांकांची बेरीज घेतली, टाचणात झोकात लिहिलं की "विद्यार्थ्यांना अपूर्णांकांच्या बेरजेचे आकलन होते". तास मस्त झाला, समजलं का विचारलं तर सगळा वर्ग एका सुरात होऽऽ सर. दुसऱ्या दिवशी वह्या बघितल्या तर निम्म्याहून जास्त पोरांनी १/२ + १/३ = २/५ केलेलं, वरचे वर मिळवले, खालचे खाली. म्हणजे अर्ध्या भाकरीत अजून तिसरा हिस्सा घातला आणि भाकरी अर्ध्यापेक्षाही कमी झाली! आणि टाचणाप्रमाणे माझं उद्दिष्ट साध्य, कारण आकलन झालं हे ओळखायचं कशावरून ते मी कुठे लिहिलंच नव्हतं. तेव्हा आधी वह्या चाळा, पोरं नेमकी कुठे अडकतात ते बघा, उद्दिष्ट तिथेच सापडतं.

मग अध्ययन निष्पत्ती काढा, म्हणजे त्या इयत्तेत मुलाला काय काय करता यायला हवं त्याची यादी. एनसीईआरटी या केंद्राच्या शिक्षण संस्थेने २०१७ मध्ये पहिली ते आठवीच्या ठरवून दिल्या, आपल्याकडेही त्या पुस्तकात छापून येतात, त्यातली आपल्या पाठाची कुठली ते बघायचं. पण ती तशीच्या तशी टाचणात उतरवू नका राव. ती वर्षभराची आहे आणि तुमच्या हातात आहेत पस्तीस-चाळीस मिनिटं, त्यातूनही हजेरीत पाच जातात. तिचा आज होईल एवढाच तुकडा तोडून घ्या, एका तासाला एक उद्दिष्ट, फार तर दोन.

आता क्रियापद. समजते, जाणतो, परिचय होतो, जाणीव निर्माण होते, हे सगळं खोडा, कारण जाणीव निर्माण होताना दिसत नाही. सोडवतो, फरक सांगतो, कारण लिहितो, चूक शोधून दुरुस्त करतो, हे दिसतं. बीएडला ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य असं लिहून त्याखाली स्पष्टीकरणं, म्हणजे मूल नेमकं काय करून दाखवेल ते, लिहायला लावायचे आठवतंय का, तेव्हा आपण ती एकमेकांच्या वहीतून उतरवली, पण खरा माल त्या स्पष्टीकरणातच होता. ब्लूम या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाची शिकण्याच्या पायऱ्यांची १९५६ ची उतरंड २००१ मध्ये सुधारली तेव्हा स्मरणापासून निर्मितीपर्यंतच्या सहाही पायऱ्या क्रियेच्या भाषेत मांडल्या, त्याचा तक्ता मोबाईलवर सहज मिळतो, जवळ ठेवा. फक्त प्रत्येक पायरीवरचं एकेक क्रियापद दाखवायला म्हणून घालू नका, तपासणीला छान दिसतं पण वर्गात काही होत नाही.

क्रियापद झालं की अजून दोन गोष्टी, कोणत्या परिस्थितीत करेल आणि किती जमलं म्हणजे जमलं म्हणायचं, जसं पाचपैकी चार गणितं बरोबर. रॉबर्ट मेजर (Mager) नावाच्या अमेरिकन माणसाने १९६२ मध्येच हे मांडून ठेवलंय. निपुण भारत या केंद्राच्या वाचन-गणिताच्या मोहिमेचं बघा ना, तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचावेत, वाक्य एकदम स्वच्छ. पण मोबाईलचं स्टॉपवॉच लावलं की आपण ६० धरतो आणि "समजून" सोडून देतो, हा दोष आपला. कवितेला मात्र हे "पाचपैकी चार" लावत बसू नका. तिथे आवडलेली ओळ निवडतो आणि का आवडली ते स्वतःच्या शब्दांत सांगतो, एवढं पुरे, आणि तेही दिसतंच की.

अजून एक, तासाच्या शेवटी विचारायचा प्रश्न आत्ताच वहीच्या कडेला लिहून ठेवा. प्रश्न सुचतच नसेल तर उद्दिष्ट पोकळ आहे, परत शिसपेन. माझा आता ठरलेला प्रश्न म्हणजे १/२ + १/३ = २/५ हे फळ्यावर लिहायचं आणि म्हणायचं, सांगा हे का चूक.

शेवटी टाचण शेजारच्या वर्गावरच्या कुणाला तरी वाचायला द्या, मधल्या सुट्टीत दोन मिनिटं लागतात. मी सुधारून लिहिलं होतं की "विद्यार्थी दोन भिन्नच्छेद अपूर्णांकांची बेरीज छेद समान करून करतो, पाचपैकी चार उदाहरणे बरोबर सोडवतो, आणि उत्तर दोन्ही अपूर्णांकांपेक्षा मोठे आहे ना ते तपासतो", मला वाटलं झालं आता. शेजारच्या वर्गाच्या बाईंनी डबा खाताखाता वाचलं आणि विचारलं, "सर, कागदाच्या पट्ट्या देणार का नुसतं वहीत?" कोणत्या परिस्थितीत करेल हेच राहिलं होतं, तेव्हा कुठे "पट्ट्यांशिवाय" हा शब्द आत गेला.