या चुका टाळा: लाटेकमध्ये मथळ्यांचे क्रमांक बदलताना

लाटेक या अक्षरजुळणीच्या संगणक प्रणालीमध्ये प्रबंध बसवून घेणाऱ्यांच्या फायली माझ्याकडे नेहमी दुरुस्तीला येतात आणि त्यांपैकी बहुतेकांत मथळ्यांच्या क्रमांकांचा तोच घोळ असतो. क्रमांक आणि क्रमांकाची सजावट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे समजून न घेता कुठून तरी उचललेली एक ओळ फायलीच्या सुरुवातीला चिकटवली जाते. (कमांडची नावे येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत, फायलीत ती अर्थातच रोमनमध्ये टंकायची.)

सर्वांत मोठी चूक म्हणजे क्रमांकानंतर पूर्णविराम हवा म्हणून ‘दचॅप्टर’ किंवा ‘दसेक्शन’ या प्रकरणाचा व विभागाचा क्रमांक छापणाऱ्या कमांडचीच व्याख्या बदलणे. या कमांड केवळ मथळ्यासाठी नसतात. संदर्भ, अनुक्रमणिका आणि पानाच्या माथ्यावरची ओळ हे सारे तेथूनच क्रमांक घेतात. ‘रिपोर्ट’ क्लासमध्ये (क्लास म्हणजे दस्तऐवजाच्या प्रकाराचा साचा) तर विभाग, आकृती, तक्ता आणि समीकरण यांचे क्रमांकही ‘दचॅप्टर’वरच उभे असतात. एका संशोधक विद्यार्थ्याच्या विद्यापीठाचा नियम होता की प्रकरणाच्या क्रमांकापुढे पूर्णविराम हवा. त्याने तो ‘दचॅप्टर’मध्ये घातला. मथळा हवा तसा आला, पण विभाग झाला ‘3..1’, आकृती झाली ‘3..2’, आणि वाक्याच्या मधोमध ‘प्रकरण 3. मध्ये पाहिल्याप्रमाणे’ असे छापले जाऊ लागले. सादर करण्याची तारीख जवळ आलेली असल्यामुळे त्याने मूळ कारण न शोधता ‘दसेक्शन’ची वेगळी व्याख्या केली आणि तीत प्रकरणाचा काउंटर, म्हणजे क्रमांक मोजणारा आकडा, थेट अरेबिक अंकांत लिहून टाकला. दुहेरी टिंब गेले आणि त्याला वाटले की काम झाले.

खरे नुकसान परिशिष्टात झाले. ‘अपेंडिक्स’ ही कमांड प्रकरणाचा काउंटर शून्यावर आणते आणि ‘दचॅप्टर’ला अंकांऐवजी रोमन अक्षरे देते, पण त्याची ‘दसेक्शन’ आता ‘दचॅप्टर’कडे पाहतच नव्हती. त्यामुळे परिशिष्ट ‘ए’मधले विभाग ‘1.1’, ‘1.2’ असे छापले गेले आणि ‘प्रश्नावलीसाठी विभाग 1.2 पाहा’ हे वाक्य वाचकाला पहिल्या प्रकरणातल्या प्रास्ताविकाकडे नेऊ लागले. प्रती बांधून झाल्यावर ही गोष्ट मार्गदर्शकांच्या लक्षात आली. लाटेकने एकही चूक दाखवली नव्हती, कारण त्याच्या दृष्टीने चूक नव्हतीच.

म्हणून माझी पद्धत ठरलेली आहे. ‘द’ने सुरू होणाऱ्या व्याख्यांना मी हात लावतो तो फक्त क्रमांकच बदलायचा असेल तेव्हा, म्हणजे अंकांऐवजी अक्षरे हवी असतील तेव्हा. टिंब, कंस, ‘प्रकरण’ हा शब्द, रंग, अंतर हे सारे मथळ्याच्या मांडणीत जाते. त्यासाठी ‘टायटलसेक’ या पॅकेजमधील (पॅकेज म्हणजे लाटेकला जोडायची पुरवणी) ‘टायटलफॉरमॅट’ कमांडचा लेबल हा भाग वापरावा. अनुक्रमणिकेतही टिंब हवे असेल तर ‘टॉकलॉफ्ट’ पॅकेजमध्ये त्याची वेगळी सोय आहे. दोन प्रकरणे, प्रत्येकात दोन विभाग, एक आकृती, एक समीकरण आणि एक परिशिष्ट एवढी छोटी फाइल मी जवळ ठेवतो आणि कोणताही बदल आधी तिच्यावर करून पाहतो. नवशिक्यांना हा वेळेचा अपव्यय वाटतो, परंतु तीनशे पानांच्या प्रबंधात चूक हुडकण्यापेक्षा हे केव्हाही स्वस्त पडते.

दुसरी चूक मला याहून अधिक खटकते: सेक्शनच्या कमांडला तारा (*) लावून क्रमांक हाताने टंकणे. तसा मथळा अनुक्रमणिकेत जात नाही, माथ्यावरची ओळ जुनीच राहते आणि त्याचा संदर्भ देता येत नाही. हे टंकलेखन यंत्रावरचे काम झाले. त्यासाठी लाटेक कशाला हवे? मथळ्यांवर क्रमांक नकोच असतील तर ‘सेकनमडेप्थ’ हा काउंटर कमी करावा. ‘रिपोर्ट’ आणि ‘बुक’मध्ये तो मुळात 2 असतो, तो 0 केला की क्रमांक फक्त प्रकरणांना राहतात आणि विभाग अनुक्रमणिकेत मात्र येतात.

संदर्भासाठी मथळ्याला खूण देणारी ‘लेबल’ ही कमांड नेहमी मथळ्याच्या नंतर लिहावी. आधी लिहिली तर मागच्या विभागाचा क्रमांक मिळतो. पुढचा विभाग 5 हवा असेल तर काउंटरला आकडा देणाऱ्या ‘सेटकाउंटर’मध्ये 4 लिहावे, कारण मथळा येताच त्यात एक मिळवला जातो. क्लासची मूळ फाइल उघडून तीत बदल करू नयेत, कारण टेकलाइव्ह हा लाटेकचा संच अद्ययावत झाला की ते पुसले जातात आणि सहकाऱ्याच्या संगणकावर तर ते कधी नसतातच.

प्रकरणांना रोमन अंक देणाऱ्यांनी अनुक्रमणिका अवश्य तपासावी. तेथे प्रकरणाच्या क्रमांकासाठी मुळात दीड एम (एम हे अक्षराच्या आकारावर ठरणारे माप) एवढीच रुंदी राखलेली असते आणि आठव्या प्रकरणाचा चार अक्षरी रोमन अंक तीत मावत नाही. तो मथळ्याच्या पहिल्या अक्षरावर चढतो. ही रुंदीही ‘टॉकलॉफ्ट’मध्ये वाढवता येते. मात्र तपासण्यापूर्वी फाइल दोनदा चालवावी, कारण पहिल्या वेळी दिसते ती अनुक्रमणिका मागच्या खेपेची असते.