गृहकर्जाची मंजुरी येईपर्यंत काय करावं

पगार चांगला असला तरी फाइल अडते ती बहुधा घराच्या कागदांवर. म्हणून बँकेच्या वकिलांनी मागण्याआधीच बिल्डरकडून मंजूर नकाशा, महारेरा क्रमांक (राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाकडचा प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक) आणि सातबारा किंवा मालमत्ता पत्रक घेऊन ठेवा. जुना फ्लॅट असेल तर आधीच्या सगळ्या करारांची साखळी आणि इंडेक्स-२ (करार नोंदल्याचा नोंदणी कार्यालयाचा उतारा) लागतात. मधला एखादा करार हरवला असेल तर शोधाशोध आजच सुरू करा.

या काळात नवं क्रेडिट कार्ड नको, हप्त्यावर फोनही नको. प्रत्येक कर्जाची चौकशी सिबिल अहवालात, म्हणजे तुमच्या कर्जांच्या नोंदवहीत उमटते, आणि बँक ती पाहते.

३० ते ७५ लाखांच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देते. मुद्रांक शुल्काचे पैसे वेगळे काढा. आणि नोंदणीकृत कराराआधी बिल्डरला १० टक्क्यांहून जास्त मुळीच देऊ नका. रेरा कायद्याच्या कलम १३ नुसार त्याला ते घेताच येत नाहीत.