ऑफिसातला भेदभाव गोष्टीतून खेळून बघायचा असेल तर असं करा
लेक्चर दिलं की लोक माना डोलावतात आणि चहाला उठतात, त्यापेक्षा गोष्ट खेळायला द्या. प्रसंग आपल्याकडचाच घ्या, म्हणजे बेळगावच्या उद्यमबागेतलं मशीन शॉप किंवा निपाणीतला तंबाखूचा कारखाना. समजा सविता सहा वर्षं क्वालिटीला आहे, सुपरवायझरची जागा निघते आणि साहेब म्हणतात, "नाईट शिफ्ट तुला जमायची नाही गं, घर आहे, पोरं आहेत." इथं गोष्ट थांबवा आणि विचारा, आता सविता काय करेल? गप्प बसेल, तिथंच बोलेल की लेखी कारण मागेल? प्रत्येक वाटेचं पुढचं पान आधीच लिहून ठेवा, आणि बोलणारीला लगेच न्याय मिळतो असं प्लीज दाखवू नका, खरं तसं होत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रोल बदला. सविताचा रोल पुरुषाला द्या, साहेबाचा बाईला, आणि शेजारच्या टेबलावर बसून सगळं ऐकणाऱ्या सहकाऱ्याचा रोल तर हवाच, कारण आपण बहुतेक जण तिथंच बसलेले असतो ना.

मराठी-कन्नड मिक्स बोलू दे, अडवू नका. कुणाला नको वाटलं तर मधेच थांबायची मोकळीक हवी, आणि कुणाची खरी नावं नकोत.

खेळ १५ मिनिटं, बोलणं ३० मिनिटं. "चूक कोणाची" असं विचारू नका, "तुला कुठं टोचलं?" असं विचारा. लैंगिक छळाचा विषय निघाला तर कामाच्या जागी बायकांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा सांगा, कामाला १० किंवा जास्त लोक असले की तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती लागतेच.