बिबट्याच्या शेजारी राहणाऱ्या सोसायटीने काय करावे

मुलुंड, बोरिवली, गोरेगाव आणि ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यालगतच्या काही सोसायट्यांची मागची भिंत संपते तिथेच संजय गांधी राष्ट्रीय उद्यान किंवा आरे वसाहतीची झाडी सुरू होते. सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या या जंगलात बिबट्या पूर्वीपासून राहतो आणि रात्री तो वस्तीच्या कडेने फिरतो. सीसीटीव्हीत भिंतीवरून उतरणारा बिबट्या दिसला, एवढ्यावरून संकट ओढवले असे मानू नये. तो वारंवार आवारात का येतो, याचा शोध मात्र त्याच दिवशी सुरू करावा.

बहुतेक वेळा हा शोध कचऱ्यापाशी येऊन थांबतो. उघड्या ओल्या कचऱ्यावर उंदीर, डुकरे आणि भटकी कुत्री पोसली जातात आणि उद्यानालगतच्या बिबट्याच्या आहारात कुत्र्यांचा वाटा मोठा आहे. म्हणून ओला कचरा झाकणबंद डब्यातच ठेवावा, तो अंधार पडण्यापूर्वी उचलला जाईल अशी व्यवस्था करावी, आणि शेजारच्या हॉटेलांचे किंवा मटणाच्या दुकानांचे टाकाऊ मांस भिंतीपलीकडे फेकले जात असेल तर महापालिकेच्या विभाग कार्यालयाकडे लेखी तक्रार करून तिचा पाठपुरावा करावा. कुत्र्यांना प्रेमाने खाऊ घालणाऱ्या रहिवाशांशी भांडण करू नये. खाणे दिवसाउजेडी आणि जंगलाच्या बाजूपासून दूर द्यावे, उरलेले लगेच उचलावे, एवढे त्यांच्याकडून मान्य करून घ्यावे. पाळीव कुत्रे रात्री आवारात बांधून ठेवू नये. भिंतीलगतचे रान साफ ठेवावे, तिथे पुरेसा उजेड असावा आणि रात्रपाळीच्या वॉचमनला चांगली बॅटरी व काठी द्यावी.

लहान मुलांच्या बाबतीत कोणतीही सवलत नको. ऑक्टोबर २०२२ मध्ये आरे वसाहतीत बिबट्याच्या हल्ल्यात एका चिमुकलीचा जीव गेला. वाकलेले किंवा बसलेले माणूस आणि लहान मूल बिबट्याच्या नजरेला आपल्या भक्ष्याएवढे ठेंगणे दिसते. त्यामुळे अंधारात उघड्यावर शौचाला बसणे विशेष धोक्याचे ठरते. सोसायटीलगतच्या पाड्यात किंवा बांधकाम मजुरांच्या वस्तीत शौचालय नसेल, तर ते मिळवून देण्यासाठी सोसायटीने आपले वजन वापरावे. सुरक्षिततेसाठी भिंतीची उंची वाढवण्यापेक्षा हे काम अधिक मोलाचे आहे, असे माझे ठाम मत आहे. संध्याकाळनंतर मुलांनी एकटे खेळू नये, आणि अंधारात जाणाऱ्या मोठ्यांनी मोबाइलवर गाणी लावून किंवा बोलत चालावे, म्हणजे जनावराला आधीच चाहूल लागते.

बिबट्या समोर आलाच तर पळू नये आणि खाली वाकू नये. मुलाला झटकन उचलून घ्यावे, हात वर करून मोठ्याने ओरडावे आणि त्याच्याकडे तोंड ठेवून सावकाश मागे सरकावे. तो चालून आल्यास हाती लागेल त्या वस्तूने प्रतिकार करावा.

जिना, पार्किंग किंवा एखादी खोली, अशा बंदिस्त जागी तो अडकला तर खरा धोका गर्दीचा असतो. शक्य असल्यास त्या जागेचे दार बाहेरून बंद करावे, खिडकीतून डोकावू नये, फ्लॅश मारून फोटो काढू नयेत, दगड तर मुळीच मारू नयेत. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर आणि पोलिसांना ११२ वर कळवावे. रहिवाशांना घरात थांबण्याची सूचना सेक्रेटरींनी सोसायटीच्या ग्रुपवर द्यावी आणि फाटकावर बाहेरच्यांना अडवावे. भुलीचे इंजेक्शन लागल्यावरही औषध चढायला काही मिनिटे जातात आणि तेवढ्या वेळात बिथरलेले जनावर समोरच्या जमावावर झेप घेऊ शकते. तो मोकळ्या आवारात असेल आणि जंगलाकडची वाट खुली असेल, तर ती वाट सोडून सर्वांनी मागे हटावे. अंधार पडताच तो बहुधा आपणहून निघून जातो.

अशा घटनेनंतर सर्वसाधारण सभेत पिंजरा लावण्याची मागणी हमखास होते. केवळ दिसला म्हणून तिला पाठिंबा देऊ नये. या शतकाच्या सुरुवातीला जुन्नर परिसरातले बिबटे पकडून दूरच्या जंगलांत सोडण्यात आले. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासात असे दिसले की ते सोडले त्या ठिकाणांच्या आसपास माणसांवरचे हल्ले वाढले. शिवाय एका बिबट्याची हद्द रिकामी झाली की दुसरा तिथे येतो, आणि नव्याला त्या परिसराची, तिथल्या माणसांच्या वावराची ओळख नसते. माणसांवर हल्ले होत असतील तर गोष्ट वेगळी. तेव्हा कोणता बिबट्या पकडायचा हे वनविभाग ठरवतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बिबट्याला सर्वोच्च संरक्षण दिले आहे, त्यामुळे परस्पर फास किंवा विष लावणे हा गंभीर गुन्हा आहे.

आवारात पिल्ले आढळली तर त्यांना हात लावू नये, दूध पाजू नये, घरात नेऊ नये. आई जवळपास असते आणि ती बिथरलेली असण्याची शक्यता असते. वनविभागाला कळवून सर्वांनी तिथून दूर राहावे.

कोणी जखमी झाल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने किमान पंधरा मिनिटे धुवावी आणि रुग्णालयात नेऊन रेबीजविरोधी लस घ्यावी. वन्यप्राण्याच्या हल्ल्यातील जखमींना व मृतांच्या वारसांना राज्य शासन अर्थसाहाय्य देते. त्यासाठी वनविभागाला विनाविलंब कळवून पंचनामा करून घ्यावा आणि उपचारांची सर्व कागदपत्रे जपून ठेवावीत.