झेब्राफिशच्या भ्रूणात संदर्भ-जीन निवडताना

क्यूपीसीआरमध्ये, म्हणजे जीनचा आरएनए किती आहे ते मोजणाऱ्या चाचणीत, आमचा जीन फलनानंतर चार तासांनी अचानक कोसळलेला दिसायचा. पुन्हा केलं तरी तेच. प्रायमर (आपला जीन पकडणारे डीएनएचे छोटे तुकडे) ठीक, मेल्ट कर्व्हला एकच शिखर, म्हणजे भलतं काही मोजलं जात नव्हतं. मग नुसते सीटी आकडे (कितव्या चक्रात संकेत दिसला ते) मांडून पाहिले, तर आमचा जीन जागच्या जागी होता. वर चढला होता तो संदर्भ म्हणून, म्हणजे तुलनेसाठी स्थिर धरून घेतलेला जीन, ईएफ-१-अल्फा.

कारण उघड आहे. सुरुवातीला भ्रूण आईकडून आलेल्या आरएनएवर चालतं. साधारण तीन तासांनी त्याचा स्वतःचा जीनोम जागा होतो, जुना आरएनए मोडीत निघतो. ईएफ-१-अल्फा त्यानंतरच जोरात बनतो. प्रौढ माशाच्या ऊतीत चालणारा संदर्भ इथे चालेलच असं नाही.

मग प्रत्येक नळीत मोजून सारखीच भ्रूणं घेतली आणि भ्रूण फोडण्याच्या द्रावणातच (लायसिस बफर) तुलनेसाठी ठरावीक ल्युसिफरेज आरएनए मिसळला. माशात तो नसतोच, त्यामुळे भ्रूणाच्या वयाशी त्याचा संबंध नाही. आरएनएची डीएनए-प्रत (सीडीएनए) बनवताना आरएनएच्या पॉली-ए शेपटीला चिकटणारा ऑलिगो-डीटी सोडून कुठेही चिकटणारे रँडम हेक्सामर वापरले, कारण या काळात मातृ-आरएनएच्या या शेपट्या लांब होतात आणि नुसती शेपूट वाढली तरी जीन वाढल्यासारखा भासतो.

संदर्भासाठीचे उमेदवार जीन जीनॉर्म आणि नॉर्मफाइंडर, या स्थिरता तपासणाऱ्या दोन्ही प्रोग्रॅममध्ये तपासले. जीनॉर्मला एकत्र वरखाली होणारी जोडी स्थिर वाटते, म्हणून दोन रायबोसोमल जीन शेजारी ठेवायचे नाहीत. १८एस (रायबोसोमचाच एक आरएनए) मी यादीतूनच काढला. तो इतका मुबलक असतो की विरळ जीनशी तुलना जमत नाही.

ल्युसिफरेजवर मोजल्यावर ती घसरण नाहीशी झाली. चोवीस तासांपुढच्या भ्रूणांसाठी मात्र संदर्भ-जीनांची वेगळी जोडी ठेवली आहे.