रोमँटिक कवींचा पेपर आणि त्यातला देव

एम.ए. इंग्रजीला रोमँटिक कवी, म्हणजे अठराव्या शतकाच्या अखेरीपासूनचे वर्ड्‌स्वर्थ, कोलरिज, शेली, ब्लेक वगैरे इंग्रज कवी, सुरू झाले की आपल्याकडची मुलं सुखावतात. चराचरात चैतन्य वगैरे आपण अभंगांतून लहानपणापासून ऐकलेलं. मग वर्ड्‌स्वर्थला अद्वैतवादी ठरवून उत्तर उरकलं जातं. आधी विद्यार्थी म्हणून आणि आता शिकवताना हा पेपर पाहतोय; नव्यांना पहिल्याच तासाला सांगतो, की हा शिक्का बाजूला ठेवा.

वर्ड्‌स्वर्थची 'टिंटर्न ॲबी' घ्या, १७९८च्या 'लिरिकल बॅलड्स' या संग्रहातली शेवटची कविता. शीर्षकात मठ आहे, कवितेत मात्र तो एकदाही येत नाही. आठव्या हेन्रीच्या काळात बंद पडलेला तो मठ सोडून कवी वाय नदी, झाडी आणि कुंपणं न्याहाळतो. देवाचं नावही घेत नाही. सृष्टीच्या अंतरंगात आपल्याला दिसू लागतं, असं सांगतो आणि लगेच पुढे म्हणतो, हा नुसता भ्रमही असेल कदाचित. गाईडं पहिलं विधान छापतात, ही शंका गाळतात. माझ्या मते सगळी कविता त्या शंकेवर उभी आहे.

'प्रील्यूड' या त्याच्या दीर्घ आत्मचरित्रात्मक कवितेच्या १८०५ आणि १८५०च्या संहिता शेजारी ठेवून निदान वेल्समधल्या स्नोडन डोंगराचा प्रसंग वाचाच. रात्रीची चढण, पायाखाली धुक्याचा समुद्र, वर चंद्र. त्या दृश्यात कवीला एक विराट मन दिसतं. १८०५मध्ये त्या मनाला उन्नत करणारी जाणीव देवाची, किंवा स्वतःतच जे काही अंधुक, अफाट असेल त्याची, असं तो मोकळेपणी लिहितो. १८५०मध्ये ती ओळ गायब! म्हातारपणी माणूस चर्चकडे सरकला होता. त्यामुळे 'वर्ड्‌स्वर्थचं अध्यात्म' असं सरसकट लिहू नका, कोणत्या वर्षाचं ते लिहा.

कोलरिजचं निराळं. त्याच्या 'एन्शंट मरिनर' कवितेत खलाशाने मारलेला अल्बट्रॉस हा समुद्रपक्षी त्याच्याच गळ्यात अडकवलेला असतो; तो गळून पडतो खलाशाने पाणसापांना नकळत आशीर्वाद दिल्यावर; तिथे पाप आणि कृपा अगदी ख्रिस्ती आहेत. शेलीला तर नास्तिकतेवरच्या पत्रकापायी १८११मध्ये ऑक्सफर्डमधून काढलं, तरी १८१६मध्ये त्याने अदृश्य सौंदर्याचं स्तोत्र लिहिलंच. ब्लेक सवडीने वाचा, त्याची पुराणं त्याने स्वतःच रचलीत.

तुलनेचा मोह आवरत नसेल तर प्रबंधाला केशवसुत घ्या. इंग्रजी कवितेचा संस्कार तिथे खरोखर आहे. दहा मार्कांच्या उत्तरात मात्र ज्ञानेश्वर आणू नका.